जुना गॅस

"ज्यांनी हा गॅस बंद केला ना, ते स्वतः गार खोलीत बसतात आणि कायदे आपल्यासाठी करतात! एकाला तरी माहीत आहे का टेक्सासचा ऑगस्ट?"

व्हर्जिल टॅकेट गॅरेजमधल्या खुर्चीवर बसून ओरडत होते. वय चौऱ्याहत्तर. समोर टेकून चालायचा वॉकर, हातात बर्फाचा गोड चहा. गॅरेजची मेकॅनिक ओफेलिया अरेदोंदो त्यांच्या पासष्ट सालच्या कॅडिलॅकचा एसी दुरुस्त करायला बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकलेली होती.

"एसी नव्या गॅसवर चालवा म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे नळ्या बदला, तेल बदला, सगळंच बदला. मग गाडी माझी कशी राहिली?"

"ओरडू नका साहेब. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"सांगतो काय! गोळ्यांमुळे अंगाला घाम फुटत नाही. ऊन लागलं की तासाभरात खेळ खलास. म्हणून तर आलो. शनिवारी सॅन अँटोनियोला नातीचं लग्न. चार तासांचा रस्ता, आणि पोरीला चर्चमध्ये याच गाडीतून न्यायचंय. गाडी गार झाली नाही तर घरी बसून फोटो बघायचे."

"होईल गार."

तिनं एसीच्या नळ्यांतली सगळी जुनी हवा पंपानं ओढून घेतली होती. आता दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा अर्धा तास जागचा हलता कामा नये. हलला तर कुठंतरी गळती. बाकीचे मेकॅनिक पाच मिनिटं बघतात आणि गॅस सोडतात. ओफेलिया अर्धा तास म्हणजे अर्धा तास बघायची.

"एकट्याच चालवता हे?"

"हो. आधी पोरगा असायचा हाताशी."

"गेला असेल डॅलसला. आजकालची पोरं ग्रीसमध्ये हात घालतात होय!"

ओफेलियानं हात पुसले. "तुम्ही काय करत होता साहेब?"

"सरकारी चाकरी. एकतीस वर्षं. दोन हजार माणसं माझ्या छपराखाली."

"हॉटेल म्हणायचं का?"

टॅकेट खो खो हसले. "हॉटेलच! पाहुणे तेवढे किरकिरे. हे नको, ते हवं."

"मग तुम्ही काय करायचा?"

"ऐकायचं नाही. एकाचं ऐकलं की दोन हजार सुरू होतात."

काटा हलला नव्हता. तिनं कपाटातून जुन्या गॅसचे तीन डबे काढले. पत्र्यावरचा रंग उडालेला, पण सील शाबूत. टॅकेटच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"कुठं मिळतात हो हे अजून? तुमचं ते पत्रक घरी आलं तेव्हा मला खोटंच वाटलं. किती जणांना पाठवलीत?"

"लागतील तेवढ्यांना."

इंजिन चालू झालं. डबा उलटा धरायचा नाही, घाई करायची नाही. नळीवरच्या छोट्या काचेत बुडबुडे दिसत होते. तिसऱ्या डब्याला ते विरळ झाले, मग संपले. काच पाण्यासारखी स्वच्छ, म्हणजे गॅस पुरा भरला. ओफेलियानं नळ्या सोडवल्या, बॉनेट लावलं.

"झालं?"

"अजून नाही. सावलीत कुठलंही यंत्र गार करतं साहेब. परीक्षा उन्हात."

तिनं त्यांना काखेत हात घालून उठवलं, स्टिअरिंगमागं बसवलं. "बसलो की हाकतो बरं का मी," ते म्हणाले, "उठायलाच काय तो वॉकर लागतो." तिनं हवेच्या जाळीत थर्मामीटर खोचला. त्यांनी गाडी अंगणात मधोमध नेऊन उभी केली. ती वॉकर घेऊन मागून आली.

दुपारचे दोन. बाहेर एकशेचार अंश फॅरनहाइट. माणसाच्या अंगात असते तर ताप म्हटला असता. आसपास घर नाही, झाड नाही.

"काचा वर करा आणि आकडा वाचा!"

"ऐंशी!" आतून आवाज आला. "साठ! पन्नास! अहो बाई, चाळीस! थंडी वाजतेय मला!"

म्हातारा पोरासारखा हसत होता. ओफेलियाही हसली.

"एकदा शेवटची नजर टाकते," असं म्हणून तिनं बॉनेट उघडलं.

इंजिन थांबलं. टॅकेटनी काचेचं बटण दाबलं. काच हलली नाही. इंजिनाची आणि बॅटरीची वायर ओफेलियाच्या हातात होती.

"बाई? काय झालं?"

तिनं वॉकर उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवला. परत आली आणि त्यांच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून त्यांनी दार ढकललं. ती जाडजूड बाई होती. दार बोटभरही हललं नाही. पलीकडच्या दारापर्यंत सरकणं त्यांच्या पायांना जमणारं नव्हतं.

"आकडा वाचत राहा साहेब."

"पासष्ट... बाई, दार! मला सोसत नाही, सांगितलंय ना!"

"माझ्या पोरालाही, नोएला, सोसत नव्हतं. त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी तुमच्या टेबलावर होती. तुमच्या तुरुंगातल्या त्या वरच्या मजल्यावर तो दोन दिवस पाणी मागत होता, आणि तुम्ही खाली सहीनिशी लिहिलंत की एवढ्या उन्हानं माणूस मरत नाही." ओफेलियानं मान वळवून काचेतून आत पाहिलं. "सांगा आता, मरतो की नाही?"