गेलेल्याचं कापड

नॉर्वेला शिकायला गेलेल्या पवननं व्हिडिओ कॉलवर अंगातलं जाड जॅकेट मिरवून दाखवलं. "नव्याची किंमत ऐकूनच घाम फुटतो, आई. हे जुन्या कपड्यांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळालं. इथं कुणी म्हातारं माणूस वारलं, की पोरं त्याचे कपडे तिथं नेऊन देतात."

वलवणच्या घरी ओट्यावर शाल गच्च लपेटून बसलेली त्याची आई, सिंधूबाई, दचकलीच. "काढ त्ये आधी! गेलेल्या मानसाचं कापड अंगाला लावत न्हाईत. तुज्या बाबांचं समदं मी तेराव्यालाच वाटून टाकलं. एक रुमाल ठिवला न्हाई."

"त्याशिवाय इथली थंडी निघत नाही गं," पवन हळूच म्हणाला. "आणि तू का अशी लपेटून बसलीस? तिकडंही गारठा पडलाय?"

"व्हय, लय," म्हणत तिनं फोन ठेवला.



मग रिकाम्या घरात येऊन तिनं शाल काढली, आणि आत घातलेल्या नवऱ्याच्या स्वेटरच्या लांब बाह्या पुन्हा मनगटापर्यंत दुमडून घेतल्या.