सुटीचा कौल

अर्धा तास झाला तरी देवीच्या दोन्ही खांद्यांवरच्या पाकळ्या हलेनात. उजवी पडली तर सुटी शनिवारी, डावी पडली तर बुधवारी, असं जयराम गुरवाने खणखणीत आवाजात देवीला सांगून ठेवलं होतं. देवी मात्र दोन्ही पाकळ्या अंगावर घेऊन खुशाल बसली होती.

गोव्यातल्या सर्वण गावच्या काजू कारखान्यातल्या चौतीस बायका सभामंडपात दाटीवाटीने बसल्या होत्या. बहुतेक जणी सिंधुदुर्गातून आलेल्या, कारखान्याच्याच खोल्यांत राहणाऱ्या. मालक गोकुळदास शेट खांबाला टेकून उभे होते. यंदा एकोणीस डिसेंबर, गोव्याचा मुक्तिदिन, नेमका बुधवारी आला होता आणि चार दिवस कारखान्यात दुसरा विषय नव्हता.

बायकांचं म्हणणं साधं होतं. बुधवारची सुटी शनिवारी द्या. रविवार धरून दोन दिवस होतात, घरी जाऊन येता येतं. शेट ऐकायला तयार नव्हते. पोर्तुगीज गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आता पन्नाशी आली, तरी दर वर्षी त्या दिवशी इस्त्रीची टोपी घालून ते कारखान्याच्या अंगणात स्वतःच्या हाताने झेंडा चढवीत आणि चढवताना हमखास रडत.

"पोर्तुगीज मंगळवारी गेले," ते म्हणाले होते, "शनिवार बरो पडता म्हणून रावले काय ते?"

बायकाही हटेनात. शेवटी, जत्रेची तारीख जिथे ठरते तिथेच हीही ठरू दे, असं शेटच वैतागून बोलून गेले आणि सगळी वरात देवळात आली.

सगळ्यांत पुढे रुक्मिणी बसली होती. तिचा डोळा उजव्या पाकळीवरून हटत नव्हता. कणकवलीपलीकडच्या गावात, तिच्या आईपाशी, तिची सहा वर्षांची कमल होती. दिवाळीला मागणी जोरात, म्हणून घरी जाता आलं नव्हतं; चतुर्थीपासून लेकीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तीन एस्ट्या बदलून गावात पोचायचं म्हणजे अर्धा दिवस. एका दिवसाच्या सुटीत नुसतं दारात उभं राहून मागे फिरावं लागलं असतं. पड गो बाये, ती मनातल्या मनात पाकळीला विनवत होती, पड एकदाची.

गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घालून देवीकडे कौल मागितला. काही नाही.

"देवी रागावली," मागून सत्यवती कुजबुजली.

"रागावली कित्याक? तिका पण सुटी होयी असतली," दुसरी कुणी म्हणाली आणि अख्खा मंडप खुसखुसला. शेटही हसले, पण मिशीतल्या मिशीत.

रुक्मिणी मात्र हसली नाही. कौल अडला की गाऱ्हाणं बदलून घालतात, हे तिने गावी लहानपणापासून पाहिलेलं होतं. ती उठून उभी राहिली.

"देवी तरी काय सांगतली?" ती म्हणाली. "एका पाकळीक दोन गजाली बांदल्यात तुमी. शेटांका होयो झेंडो. आमका होयी सुटी. ती एकच गजाल कशी?"

शेटांनी खांब सोडला. "म्हणजे?"

"झेंडो बुधवारीच चडवा. मी सात वाजता न्हावन, ठेवणीतली साडी नेसान झेंड्याखाली उभी रवतलंय. गाणा म्हणतलंय, लाडू खातलंय आणि आठाक कामार बसतलंय. सुटी तेवडी शनिवारी द्या."

गुरवाने शेटांकडे पाहिलं. शेट देवीकडे वळले. मग हात जोडून ते म्हणाले, "घाल गाऱ्हाणें."

"गे माय," जयराम गुरवाने सुरुवात केली, "झेंडो बुधवारी आनी सुटी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी घरंगळली आणि खालच्या तबकात पडली. असा काही गलका उठला की बाहेरच्या पिंपळावरचे कावळे उडाले. रुक्मिणीला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

बुधवारी सात वाजता सगळ्या जणी अंगणात रांगेत उभ्या होत्या. शेट नेहमीप्रमाणे रडले. या खेपेला सोबतीला निम्मा कारखाना रडला. आठच्या ठोक्याला बायका पदर खोचून काजू फोडायला बसल्या. इतक्या नटूनथटून काजू फोडणाऱ्या बायका त्या कारखान्याने तोवर कधी पाहिल्या नव्हत्या.

शनिवारी पहाटे पाचला निघालेली रुक्मिणी साडेदहाला गावात उतरली ती घरी न जाता पिशवीसकट थेट शाळेच्या दारात. कमलने तिला खिडकीतून पाहिलं आणि वही तिथेच टाकून ती धावत सुटली. येऊन आईच्या कमरेला अशी बिलगली की सुटता सुटेना.

खडू हातात घेऊन अनंत गुरुजी बाहेर आले.

"काय गो रुक्मिणी, मधीच ही कसली सुटी?"

"गोंयच्या मुक्तिदिनाची, गुरुजी."

"अगो, तो बुधवारी झालो मा!"

"झालो," लेकीला कडेवर उचलत रुक्मिणी म्हणाली. "उरलेलो मी घेवन इलंय."