सकाळची माफी

नीळकंठराव कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. निवृत्तीनंतर त्यांना विस्मरणाचा आजार जडला आणि ते लेकीलाही ओळखेनासे झाले. अनघा ताट घेऊन आली की ते हात जोडून मागं सरकायचे. "बाबा, मी अनघा, तुमची लेक," असं ती परोपरीनं सांगायची, तसे ते आणखीच घाबरायचे. दोन दिवस पोटात अन्नाचा कण गेला नाही.

शेवटी थकून तिनं विचारलं, "बरं, मंग मी कोण आहो?"

"फुलसावंगीच्या बाई ना तुम्ही?" ते खाली मान घालून म्हणाले. "भाव पडले त्या साली तुमच्या मालकाचा कापूस मी हात न लावताच ओला म्हणून परत पाठवला. कोरडा होता तो. घरी जाऊन त्यांनी फवारणीचं औषध पेलं. आता तुमच्या हातचं मी कसा खाऊ?"

अनघाला हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. तिनं ताट त्यांच्यापुढं ठेवलं. मग म्हणाली, "जेवा साहेब. मी माफ केलं तुमाले."

ते रडत रडत जेवले.

 

संध्याकाळी ती पुन्हा ताट घेऊन आली, तेव्हा ते माफी विसरले होते. गुन्हा तेवढा लक्षात होता.