आईचं पान

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून थोरली लेक तिच्याबद्दल ब्लॉग लिहायची. पण लिहिणार ती एकटीच. बाकीच्यांनी वाचायचं आणि खाली ‘काळजी घे’ एवढंच टाकायचं. म्हणून परगावच्या धाकट्या भावाने घरापुरती विकी काढली. आईसाठी एकच पान, घरातल्या कुणीही लिहावं, चुकलं तर दुसऱ्याने सुधारावं.

थोरलीने लगेच लिहिलं, ‘आईला जिना उतरू देऊ नये.’ सकाळी पाहते तर ओळ बदललेली: ‘आईला जिना उतरताना हात द्यावा.’ तिने पुन्हा आपली ओळ घातली. दुपारपर्यंत तीही बदलली. ऑफिसात तिचं कशात लक्ष लागेना. शेवटी तिने भावाला फोन लावला.

“लांब बसून शहाणपणा शिकवू नकोस. पडली तर निस्तरायचं कुणी?”

“ताई, मी त्या ओळीला हातही लावलेला नाही. आणि हा काही तुझा ब्लॉग नाही गं, तुझाच शब्द शेवटचा असायला.”

मग कोण? थोरली तणतणतच घरी आली. आई खिडकीशी बसून, चष्मा नाकावर ओढून, टॅबलेटवर एका बोटाने काहीतरी टाइप करत होती.

“आई, तू?”

“पाय माझे आहेत गं,” आई मान वर न करता म्हणाली. “मला विचारावं असं तुम्हा दोघांनाही सुचलं नाही. म्हटलं, आपणच लिहावं.”