आजीचं उगारलेलं बोट

चिरागच्या आजीचं तेरावं उद्यावर आलं आणि घरात तिचा एकच फोटो सापडला. त्यात ती पुतणीच्या हळदीत बोट उगारून फोटोग्राफरला 'आधी जेव' म्हणून दटावत होती. कळव्याच्या स्टुडिओवाल्याने चिरागला विचारलं, "बोट उडवू का? मस्त स्माईल पण बसवतो." चिरागला पटलं. गेलेल्या माणसाने पाहुण्यांना दम देणं शोभत नाही. हसरी आजी घरी आली. बाबांनी फ्रेम निरखली. "बाई प्रेमळ वाटतायत," ते म्हणाले, "माझी आई कुठेय?" आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले. चिराग धावत स्टुडिओत पोहोचला. "भावा, बोट परत लाव." "स्माईल ठेवू?" "अजिबात नको." तेराव्याला फोटो पंगतीसमोर टांगला. जो तो वर बघायचा आणि मुकाट्याने पान चाटूनपुसून संपवायचा. साठीच्या बाबांनी आईकडे बघत जन्मात पहिल्यांदा कारल्याची भाजी घेतली, तीही मागून.