तीन टिंबांचा पाना

१९८२ सालचा मार्गशीर्ष. रामकिसन मेकॅनिक पाचोडपासून दोन कोसांवरच्या एका वाडीत शिरला, तेव्हा त्याच्या हातात पेट्रोलचा जुना डबा होता. बुडाशी १९४३ साल ठोकलेलं. पाचोडच्या बाजारात एक बाई त्या डब्यात तेल घेऊन बसली होती. "असलं सामान आमच्या वाडीवर लई पडलंय," ती म्हणाली होती. चिकलठाण्याच्या त्याच्या गॅरेजात नानासाहेब या हौशी गिऱ्हाइकाची लढाईतली जीप सहा महिने उघडी पडून होती. नानासाहेबांचा हट्ट एकच, स्क्रूसुद्धा त्याच काळचा पाहिजे.

बाई खोटं बोलली नव्हती. पहिल्या घरी म्हैस जीपच्या बॉनेटमधून पेंड खात होती. दुसऱ्या घराच्या खिडकीला गजांऐवजी गाडीची पुढची जाळी. तिसऱ्या घराच्या न्हाणीत रिमवर हंडा. रामकिसन हरखून गेला. मग त्याचं पाऊल मंदावलं.

हे सगळं एकाच गाडीचं होतं. आणि एका घरात एकच वस्तू होती, दोन कुठंच नव्हत्या.

तो मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. त्याचे वडील तेवढे मेंढरं सोडून इंजिनाकडं गेलेले. जत्रेचं बकरं कापल्यावर वाटे कसे घालतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. घरटी एक वाटा. नको म्हणायची सोय नसते.

त्यानं मागं पाहिलं. सहा-सात माणसं मागोमाग येत होती. तो थांबला की तीही थांबत होती.

शेवटच्या घराच्या ओसरीत आप्पा बसले होते. सत्तरीचा माणूस, वाडीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं.

"या पाव्हणे. भंगार गोळा करता व्हय?"

"भंगार नाय, आप्पा. जुन्या जीपचं सामान. अस्सल."

"अस्सल!" आप्पा हसले. मागचं कुणी हसलं नाही. "साळूबाई, तुझ्याकडचा आण गं. पाव्हण्यांला अस्सल पाहिजे."

साळूबाई त्यांची विधवा भावजय. ती गोठ्यातून एक पाना घेऊन आली. खुंटे ठोकून ठोकून त्याचं एक टोक चेपलं होतं.

रामकिसननं अंगठ्यानं माती पुसली. तीन टिंबं. खाली एक आडवी रेघ.

मेकॅनिक आपल्या हत्यारांवर खूण ठोकतो, दुसऱ्याच्या पेटीत जाऊ नयेत म्हणून. हीच खूण असलेले चार पाने रामकिसनच्या घरी होते, वडिलांच्या पेटीत. पोलीस ॲक्शनच्या महिन्यात पुंजाराम, त्याचे वडील, एका गुत्तेदारानं लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप घेऊन अंबडहून पैठणला निघाले, ते परत आलेच नाहीत. हैदराबादेत असतील, लोक म्हणाले. आई, मंजुळाबाई, अजून कुंकू लावत होती.

"काय बघता एवढं?" आप्पांनी विचारलं.

"कंपनीचा छाप हाय का बघतो."

"हाय?"

"हाय."

ओसरीपुढची वाट आता माणसांनी भरली होती. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती, सरपणाला निघाल्यासारखी.

"वडील बी गाड्यांतच व्हते का तुमचे?"

"नाय. मेंढरांमागं."

"हायेत?"

चौतीस वर्षं रामकिसनच्या घरात जो शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता, तो त्यानं काढला.

"गेले," तो म्हणाला.

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. "मंग, बाकीचं सामान?"

"आमच्या गाडीला बसत नाय."

"अन् ह्यो पाना?"

"ह्यो बसतो."

कुणी वाट दिली नाही. आप्पांसमोर साळूबाई कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. तिनं पदर सारखा केला. "मी पोचवते ह्याला सडकेपोतर," ती म्हणाली आणि सरळ माणसांच्या अंगावर चालत गेली. माणसं बाजूला झाली.

सडकेपर्यंत ती पुढं चालली, तो मागं. लांबून एस.टी. दिसली तेव्हा ती त्याच्या हनुवटीकडं बघत म्हणाली, "त्या महिन्यात तसली गाडी म्हंजी रझाकारच वाटायची, बाबा. आम्ही गाडी बघितली. आत कोन हाय, ते नंतर बघितलं."

"कुठं ठेवलं त्यांला?"

"ते इचारू नको. अन् पुन्यांदा येऊ बी नको. मी वळखलं, तसं त्यांनी बी वळखलं असंल."

पंधरा दिवसांत वाडीतलं ते सगळं सामान नाहीसं झालं. म्हशीपुढं लाकडी गव्हाण आली. नानासाहेबांची जीप मुंबईहून आणलेल्या सामानावर पुरी झाली, जुन्या गाड्यांच्या रॅलीत तिला कप मिळाला. आप्पा शहाऐंशी साली गेले. वाजतगाजत नेलं, वाडीच्या शाळेला त्यांचं नाव दिलं. साळूबाई लेकीकडं करमाडला राहायला गेली. तिथं खुंटा ठोकायला ती दगड घ्यायची. घरात हातोडी होती, तरी दगडच.

रामकिसननं आईला काही सांगितलं नाही. मंजुळाबाई ब्याण्णव साली कपाळावरच्या कुंकवासकट गेली. बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, भाग्याची म्हणाल्या. ओटीतल्या नारळाखाली रामकिसननं पाना ठेवला.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना तो सापडला. काळा पडलेला, टिंबं तशीच. अस्थींच्या मडक्यात तो मावेना. रामकिसननं तो रुमालात बांधला, मडकं मांडीवर घेतलं आणि पैठणच्या एस.टी.त बसला.