पाचवं प्रकरण

जिन्यावर पावलं वाजली आणि चामडं कापणारी तिच्या हातातली रापी जागीच थबकली. ही पावलं तिने हजारांत ओळखली असती. विद्यापीठाच्या लांबलचक व्हरांड्यात ती वाजली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. कुणी चहाचा कप टेबलाखाली सारायचं, कुणी मिटलेलं पुस्तक घाईघाईने उघडायचं. पण तेव्हा ती घड्याळासारखी एकसारखी पडायची. आज एक लांब पडत होतं, एक आखूड.

"डावा पाय," ती पुटपुटली. "सेंटिमीटरभर तरी कमी."

"कोण आलंय, डॉक्टरीणबाई?" उस्तादांनी ठोकणं न थांबवता विचारलं. बुटांचं हे दुकान त्यांचं, चाळीस वर्षांचं. लाडाने ठेवलेल्या या नावापायी आठवड्यातून दोघंतिघं तिला आ करून घसा दाखवायचे. आता तिची डॉक्टरेट घशाची थोडीच होती! माणूस चालतो तेव्हा त्याच्या वजनाचं काय होतं, यावर तिने सात वर्षं घासली होती. आणि गेली तीन वर्षं ती ज्यांना धड चालता येत नाही अशांचे बूट बनवत होती.

"माझे गाईड," ती म्हणाली.

सर आत आले. भिंतीवर टांगलेले लाकडी पायांचे साचे बघून त्यांनी नाक मुरडलं. स्टुलावर बसताना आलेली कळ त्यांनी लपवली, म्हणजे लपली असं त्यांना वाटलं. मग बॅगेतून एक अर्ज काढून तिच्यासमोर धरला.

"दोन वर्षांसाठी जागा निघालीय, माझ्या हाताखाली. आज पाचपर्यंत मुदत आहे. सगळं मीच भरलंय, तू फक्त सही कर. तुझ्या बाबांशीही बोललोय."

सकाळी बाबांचा फोन का आला होता, ते तिला आत्ता कळलं. 'नाही म्हणू नकोस गं, माझ्यासाठी तरी,' एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला होता. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की बाबा विषय बदलतात, हे तिला ठाऊक होतं. रोज सलायचं ते. सहीला कितीसा वेळ लागणार होता? बाबा एकदाचे सुटले असते. तिने रापी खाली ठेवली आणि पेनकडे हात नेलासुद्धा.

"शहाणी आहेस," सर म्हणाले. "एवढं शिकून लोकांच्या पायाशी बसायचं, बरं दिसतं का ते?"

तिचा हात मागे आला.

"विभागातही सात वर्षं पायाशीच बसले होते, सर. तिथं मापं घ्यायची सोय नव्हती, एवढाच फरक."

उस्तादांची हातोडी थांबली. मग त्यांना अचानक खोकला आला.

तिने अर्ज घेतला, उलटा केला आणि कोरी बाजू वर करून जमिनीवरच्या फळीवर ठेवला. "मोजा काढा. डावा पाय इथे."

सरांना सांगायची सवय, ऐकायची नाही. तरी तिच्या आवाजात असं काही होतं की कळायच्या आत त्यांचा पाय कागदावर गेला. पेन्सिल टाचेपासून अंगठ्याला वळसा घालत निघाली.

"अगं, हा तर तो अर्ज..."

"हलू नका. रेघ चुकते."

मग तिने त्यांना उभं केलं. डाव्या टाचेखाली कॉर्कची एक चकती सरकवली, मग दुसरी, आणि कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत येईपर्यंत ती कमीजास्त करत राहिली. उस्तादांनी न सांगता तेवढ्याच जाडीचा तुकडा कापून दिला. तिने तो सरांच्या बुटात बसवला.

"चला बघू, खिडकीपर्यंत."

सर खिडकीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. डाव्या खुब्याच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं, आणि दाखवावं तो डॉक्टर 'आता वय झालं' म्हणून वाटेला लावत होता. तिसऱ्या फेरीला ते खिडकीशीच उभे राहिले, तिच्याकडे पाठ करून.

"हे तुझं पाचवं प्रकरण," ते म्हणाले.

"हो. तुम्ही काढायला लावलं होतंत ते."

'ही दुकानदारी आहे, संशोधन नव्हे,' असा लाल शाईत शेरा मारून त्यांनी प्रबंधातली, बुटांनी चाल सुधारण्यावरची ती चाळीस पानं परत केली होती. तेव्हा ती हुंदके देऊन रडली होती. आज तीच पानं त्यांच्या टाचेखाली गेली होती आणि तिला मनापासून बरं वाटत होतं. ते लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

सरांनी बॅग उचलली. फळीवरच्या कागदाकडे पाहिलं, पण मागितला नाही. "तुझ्या बाबांना मी काय सांगू?"

"सांगा, मुलगी बूट बनवते. आणि त्यांनी विषय बदललाच, तर त्यांना चालून दाखवा."

सर जिन्याकडे वळले. तिने पावलाच्या रेघेशेजारी तारीख घातली, कागद बाकीच्या मापांबरोबर खिळ्याला अडकवला आणि अर्धवट राहिलेलं चामडं पुढ्यात ओढलं.

जिन्यावर पावलं वाजू लागली. घड्याळासारखी, एकसारखी, अगदी पूर्वीसारखी. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. तिची रापी चालूच होती.